तीनदा धुतलेले काजवे

कुपीत हिरवागार उजेड, काचेवर घेतला की दोन-चार मिनिटांत अंधार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी ही तक्रार घेऊन आली, तेव्हा खिडकीबाहेर मृगाचा पहिला दमदार पाऊस चालू होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि आरोपी ठरवून टाकला. खरा आरोपी सापडायला ऑगस्ट उजाडला आणि तो खिडकीबाहेर नव्हताच. पावसाचा त्यात हात होता, पण वाटला होता तेवढा नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण क्वांटम डॉट, म्हणजे उजेड देणारे अतिसूक्ष्म कण, या विषयातले शोधनिबंध वाचले की शेवटचा देखणा आलेख तेवढा दिसतो. त्याआधीचे चुकलेले आलेख कोणी छापत नाही आणि नवी मुलं त्याच खड्ड्यांत पुन्हा पडतात.

आमचा माल म्हणजे सीझियम लेड ब्रोमाइडचे क्वांटम डॉट. मराठी पुस्तकांत ‘पुंजबिंदू’ असा सुरेख शब्द भेटतो, पण प्रयोगशाळेत तो कोणाच्या तोंडी येत नाही. ‘डॉट मेले’, ‘डॉट चांगले निघाले’ हीच भाषा. एकेक डॉट म्हणजे आठ-दहा नॅनोमीटर कडेचा इवलासा घन. त्याच्यावर निळा-जांभळा प्रकाश पडला की आतला एखादा इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. दोघं पुन्हा भेटले की एक फोटॉन बाहेर पडतो. आमच्या डॉटमधून तो साधारण ५१५ नॅनोमीटरचा, म्हणजे पोपटी हिरवा असतो. कण लहान-मोठा केला की रंग बदलतो. ही गोष्ट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्सेई येकिमोव्ह यांनी काचेत आणि लुई ब्रुस यांनी द्रावात दाखवली. हवे त्या मापाचे, एकसारखे कण करण्याची गरम द्रावातली रीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ साली दिली. तिघांना मिळून २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही वापरतो तो पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकरचनेचा प्रकार मात्र बराच अलीकडचा, झुरिकमधल्या माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने २०१५ साली पुढे आणलेला.

हे डॉट करणं फोडणीसारखं आहे. लेड ब्रोमाइडचं गरम द्रावण १४० ते २०० अंशांच्या मध्ये ठेवायचं, त्यात सीझियम ओलिएट पिचकारीने एका दमात सोडायचं, पाच सेकंद मोजायचे आणि भांडं थेट बर्फाच्या पाण्यात बुडवायचं. मोहरी तडतडली की पुढचा क्षण जळण्याचा असतो, तसंच. विद्यार्थिनीचा हात यात बसलेला आहे. तिच्या कुपीवर अतिनील टॉर्च मारला की डोळे दिपतात.

मग अडचण कुठे? आम्हाला कुपी नको होती, एकटा डॉट हवा होता.

टीव्हीच्या पडद्यात क्वांटम डॉट २०१३पासून आहेत. तिथे कोट्यवधी डॉट एकत्र उजळतात, त्यातले काही विझले तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर एक माणूस क्षणभर थांबला तर गर्दी थांबल्यासारखी वाटत नाही ना, तसं. पण एका वेळी एकच फोटॉन देणारा दिवा करायचा असेल, क्वांटम संदेशवहनासाठी किंवा मोजमापासाठी, तर एकाच डॉटवर सगळी भिस्त. आणि एकट्या डॉटला एक जुनी खोड आहे. १९९६ साली कॅडमियम सेलेनाइडचे डॉट एकेकटे पाहिले गेले, तेव्हा ते सलग उजळत नाहीत, लुकलुकतात, हे उघड झालं. मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलेल्यांना वाटेल, काय बिघडलं? पण एका झाडावरचे काजवे एकमेकांशी ताल जुळवतात. डॉटला ताल नाही. तो मिलिसेकंदभर विझेल किंवा मिनिटभर, आधी सांगता येत नाही. विझण्याच्या कालावधीला सरासरी अशी काढता येत नाही, कारण मोजणी जितकी लांबवाल तितका लांब अंधार कधीतरी सापडतोच.

त्यामुळे थोडं लुकलुकणं आम्ही धरूनच चाललो होतो. मार्चमधल्या बॅचमध्ये ते होतंही, पण बेताचं. जूनमध्ये जे दिसत होतं ते वेगळं होतं. डॉट सुरुवातीलाच मंद, उघडझाप सतत, आणि पाच मिनिटांच्या आत कायमचा काळोख.

पावसावर आरोप

पेरोव्हस्काइट हे मिठासारखं आयनिक स्फटिक आहे, पाण्याशी त्याचं वैर. जून-जुलैत मुंबईच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. खोलीतल्या वर्तमानपत्राला ओल चढते, डब्यातली बिस्किटं मऊ पडतात, तर दहा नॅनोमीटरच्या कणाची काय कथा? तर्क चोख होता. प्रिन्सेस स्ट्रीटवरून सिलिका जेलचे डबे आले, खोलीत डीह्युमिडिफायर आला आणि सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर काकांनी ॲक्रिलिकची पेटी बसवून तीतून नायट्रोजन सोडला. काका आमचे तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि त्यांच्याशिवाय ही प्रयोगशाळा चालेल का, याचा विचार मी टाळते.

फरक पडला, पण तो समजायला आलेख दोनदा पाहावा लागला. आधी डॉट विझता विझता त्याचा रंगही सरकायचा, ५१५वरून ५०५कडे, निळसर बाजूला. हे झिजण्याचं लक्षण. पाणी, हवा आणि लेझर मिळून कणाला कडेने खात जातात, कण लहान होतो आणि रंग निळ्याकडे जातो. नायट्रोजनच्या पेटीत हे सरकणं थांबलं. उघडझाप मात्र जशीच्या तशी राहिली आणि सुरुवातीचा मंदपणाही.

इथेच मी थांबून विचार करायला हवा होता. एका उपायाने दुखण्याचा एक भाग गेला आणि दोन राहिले, याचा अर्थ दुखणं एक नाही. पण मी काय केलं? आणखी सिलिका जेल मागवलं.

एसीची गोष्ट

जूनअखेरीस वेगळंच काहीतरी दिसलं. नायट्रोजनमध्येही काही डॉट हळूहळू मावळत होते, दहा-बारा मिनिटांत, आणि काही वेळा पुन्हा वरही येत होते. लुकलुकणारा डॉट असा वागत नाही. तो खटका दाबल्यासारखा चालू-बंद होतो. हे म्हणजे कोणीतरी रेग्युलेटर फिरवत असल्यासारखं.

काका म्हणाले, “मॅडम, हे वर-खाली एसीच्या कॉम्प्रेसरबरोबर होतंय.”

मी हसले. तासाभराने हसू ओसरलं. एसी बंद-चालू होताना खोलीचं तापमान अंश-दीड अंशाने हलत होतं, त्याबरोबर सूक्ष्मदर्शकाची धातूची चौकट फुगत-आकसत होती आणि लेझरचा ठिपका डॉटवरून सरकत होता. शंभरपट भिंगाखाली अर्ध्या मायक्रॉनचं सरकणं म्हणजे डॉट नजरेआडच जाणं. खात्री करायला आम्ही न विझणारे चमकते प्लास्टिकचे मणी काचेवर ठेवून मोजले. तेही तसेच मावळले. म्हणजे हा भाग डॉटचा नव्हताच, आमच्या खोलीचा होता. लॅमिंग्टन रोडवरून एक साधा तापमान नियंत्रक आणला, मंचाभोवती थर्माकोलची भिंत उभी केली, आणि दर दोन मिनिटांनी फोकस पुन्हा जुळवायचा नियम घातला. हा भाग मिटला.

कबूल करायला हवं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पाऊस, एसी आणि एक तिसरी अज्ञात गोष्ट असे तीन आरोपी होते आणि तिघांच्या खुणा एकाच आलेखावर एकमेकींत मिसळलेल्या. हा आलेख दर दहा मिलिसेकंदांत किती फोटॉन आले ते दाखवतो. वरच्या पातळीवर डॉट जागा, खालच्या पातळीवर झोपलेला. त्यावर झीज, सरकणं आणि लुकलुकणं हे सगळं एकाच शाईत उमटतं. रंग सरकतोय का हे वेगळं पाहिलं तर झीज ओळखता येते. मणी ठेवले तर सरकणं ओळखता येतं. उरलेल्यासाठी काळ मोजावा लागतो, म्हणजे लेझरचा पल्स, क्षणभराचा झोत, पडल्यापासून फोटॉन बाहेर यायला किती नॅनोसेकंद लागतात ते.

लेझरचा दोष किती

या काळाचं महत्त्व समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. डॉट विझतो तो साधारण दोन वाटांनी. पहिली वाट विद्युतभाराची. डॉटमध्ये एखादा जादा इलेक्ट्रॉन किंवा होल अडकला, तर पुढची इलेक्ट्रॉन-होल जोडी आपली ऊर्जा फोटॉनला देण्याऐवजी त्या तिसऱ्याला देते. ऊर्जा उष्णतेत जाते, बाहेर काही येत नाही. याला ऑजे प्रक्रिया म्हणतात. लुकलुकण्यामागे हा भार असावा, हे गणित एफ्रॉस आणि रोझेन यांनी १९९७ साली मांडलं. या वाटेने डॉट मंदावला की फोटॉन यायचा काळही कमी होतो. दुसरी वाट पृष्ठभागावरच्या सापळ्यांची. इलेक्ट्रॉन वर उडतो, पण स्थिरावण्याआधीच पृष्ठभागावरची एखादी उघडी जागा त्याला गिळते. उजेड कमी होतो, पण जे थोडे फोटॉन येतात ते नेहमीच्याच वेळेला येतात. २०११ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या गटाने या दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या, तेव्हापासून उजेड आणि काळ एकमेकांसमोर मांडून पाहणं हा रिवाज झाला आहे.

आम्ही मांडून पाहिलं. दोन्ही वाटा होत्या. आमचा ४०५ नॅनोमीटरचा लेझर गरजेपेक्षा जोरात चालला होता. एका पल्समध्ये डॉटमध्ये एकाहून जास्त जोड्या तयार होत होत्या आणि जोड्या जमल्या की त्यातलाच एखादा भार बाहेर फेकला जाऊन डॉट भारित होतो. लेझर एवढा कमी केला की सरासरी दहा पल्समागे एखादीच जोडी बनेल. पहिल्या वाटेची उघडझाप लक्षणीय कमी झाली. दुसरी जागची हलली नाही.

आता आरोपी पृष्ठभाग होता. पण पृष्ठभाग मार्चमध्येही हाच होता, तोच पदार्थ, त्याच रीतीने केलेला. मग मार्च आणि जूनमध्ये बदललं काय?

खणातली कुपी

जुलैच्या मध्यात एका रात्रीत धुवांधार पाऊस झाला. सायन आणि कुर्ल्यात रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प. विद्यार्थिनी डोंबिवलीला राहते, तिला दोन दिवस येता आलं नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिला आठवलं की जाताना हजारपट पातळ केलेली एक कुपी खणात तशीच राहिली आहे. खण बंद, आत अंधार, कुपीचं झाकण घट्ट. शेजारी त्याच बॅचची दाट, मूळची कुपी होती.

तिने दोन्हीवर टॉर्च मारला. दाट कुपी हिरवीगार. पातळ कुपीत जेमतेम ओळखू येईल इतकीच छटा. टाकून द्यायला निघाली होती, पण मग तिने उत्सर्जन मोजणाऱ्या यंत्रात ती कुपी ठेवली आणि दोन दिवसांपूर्वी, पातळ केल्याबरोबर काढलेल्या आकड्याशी ताडून पाहिली. उजेड बहुतेक संपला होता.

मला बोलावून तिने एवढंच विचारलं, “मॅडम, खणात लेझर कुठून आला?”

या एका प्रश्नाने तीन आरोपी सुटले. खणात लेझर नव्हता. झाकण घट्ट होतं, पाऊस आत गेला नव्हता, आणि पाऊस असता तर शेजारची दाट कुपीही गेली असती. एसीचा तर प्रश्नच नाही. कुपीला फक्त पातळ केलं होतं, तेवढ्यानेच ती मेली.

रसायनशास्त्र माहीत असलेल्याला हे लगेच कळायला हवं. मला कळलं नव्हतं, कारण मी भौतिकशास्त्राकडून आलेली. डॉटच्या पृष्ठभागावर लांब शेपट्यांचे रेणू चिकटलेले असतात. त्यांना लिगंड म्हणतात, आमच्याकडे ते ओलिइक ॲसिड आणि ओलिलअमाइनपासून आलेले. तेच डॉटला द्रावात तरंगत ठेवतात आणि पृष्ठभागावरच्या उघड्या जागा झाकतात. कॅडमियमच्या डॉटवर लिगंड बऱ्यापैकी घट्ट असतात. पेरोव्हस्काइटवर ते येत-जात राहतात, लोकलच्या दारात उभ्या असलेल्यांसारखे, कोणी उतरतो, कोणी चढतो. पृष्ठभागावर त्यांची भारित रूपं असतात, ओलिलअमोनियम आणि ओलिएट. पहिला आपला प्रोटॉन दुसऱ्याला देऊन टाकतो, दोघंही निर्भार होतात आणि सुटतात. द्राव दाट असेल तर भोवती लिगंडची गर्दी असते, उतरलेल्याची जागा दुसरा घेतो. लाखपट पातळ करा, एकट्या डॉटच्या मोजणीसाठी तेवढं करावंच लागतं, की भोवती कोणीच उरत नाही. उतरलेला परत येत नाही. जाताना तो अनेकदा पृष्ठभागावरचा ब्रोमाइडही बरोबर नेतो आणि मागे उघडं शिसं ठेवतो. ते उघडं शिसं म्हणजेच सापळा.

तरी मार्चचा प्रश्न शिल्लक होताच. मार्चमध्येही लाखपट पातळ केलंच होतं ना?

लॅब बुक

विद्यार्थिनीने मार्चपासूनची लॅब बुकं काढली. चार पानं मागे-पुढे करून झाल्यावर तिने वही माझ्यासमोर ठेवली आणि काही बोलली नाही. एप्रिलच्या ११ तारखेची नोंद होती. पेन्सिलने, तिच्या अक्षरात: ‘धुणी ३ (मॅडम)’.

आठवलं. एप्रिलच्या सुरुवातीला मीच म्हणाले होते की काचेवर फार चिकटपणा दिसतोय, पार्श्वभूमीचा उजेड जास्त आहे, नीट धुवून घे. डॉट तयार झाल्यावर द्रावात ऑक्टाडेसीन, जादा ओलिइक ॲसिड असा बराच तेलकट मामला असतो. तो काढायला मिथाइल ॲसिटेटसारखा ध्रुवीय द्राव टाकून डॉट साचवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, वरचं तेल ओततात आणि तळाचा साका कोरड्या टोल्युइनमध्ये पुन्हा विरघळवतात. मार्चमध्ये हे एकदा होत होतं. माझ्या सांगण्यावरून ते तीनदा झालं. प्रत्येक धुण्याबरोबर काचेवरचा पसारा कमी झाला आणि पृष्ठभागावरचे लिगंडही गेले. दाट कुपीत जे उरले होते ते निभावून नेत होते. पातळ केल्यावर काही उरलं नाही.

आमच्या आईकडे देवाची भांडी चिंचेने इतकी घासली जायची की त्यांच्यावरचा चांदीचा मुलामा गेला. ती म्हणायची, भांडी स्वच्छ झाली. मी एप्रिलमध्ये अगदी तेच केलं होतं आणि जुलैपर्यंत पावसाला बोल लावत होते.

संशय खरा की खोटा हे ठरवायला आम्ही एका बॅचचे तीन वाटे केले. एक एकदा धुतलेला, एक दोनदा, एक तीनदा. तिन्ही सारख्याच प्रमाणात पातळ केले, खणात ठेवले आणि दर काही तासांनी मोजले. एकदाची कुपी हळूहळू उतरली, तीनदाची कोसळली, दोनदाची मध्ये. मग तीनदा धुतलेल्याच पातळ द्रावात चिमूटभर डायडोडेसिल डायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड टाकलं. नावाची मालगाडी आहे, पण रेणू कामाचा. त्याच्याकडे देऊन टाकायला प्रोटॉनच नाही, म्हणून तो ओलिलअमोनियमसारखा सुटत नाही, आणि येताना ब्रोमाइड घेऊन येतो. उजेड बराचसा परत आला. पुरावा म्हणून मला हा प्रयोग सगळ्यांत आवडला. मेलेला गाभा चिमूटभर मिठाने जिवंत होत नाही. म्हणजे गाभा शाबूत होता, अंगावरचं पांघरूण तेवढं गेलं होतं.

पण पांघरूण घालायचं कसं? लिगंडची गर्दी ठेवली तर काचेवर तेलकट पसारा, जो मला एप्रिलमध्ये नको होता. गर्दी काढली तर डॉट मरतो. जुन्या, कॅडमियमच्या डॉटवर यावर जाड कवच हा उपाय आहे. २००८ साली पॅरिस आणि लॉस अलामॉसच्या गटांनी कॅडमियम सल्फाइडचं जाड कवच चढवून लुकलुकणं जवळपास थांबवलं, कारण पृष्ठभागच गाभ्यापासून लांब गेला. पेरोव्हस्काइटवर तसं कवच वाढवणं कठीण. तो मऊ, आयनिक. कवच चढवण्याच्या खटपटीत गाभाच विरघळायचा धोका. म्हणून थोडेच पण न सुटणारे लिगंड हवेत.

इथे उत्तर चहाच्या टेबलावर सापडलं, असं विद्यार्थिनी सांगते, आणि ते अर्धं खरं आहे. बिस्किटाच्या पुड्यावरच्या घटकांत तिने ‘इमल्सिफायर ३२२’ वाचलं आणि म्हणाली, हे तर लेसिथिन. उरलेलं अर्धं म्हणजे झुरिकच्या त्याच कोवालेंको गटाने २०१९ साली सोयाच्या लेसिथिनने हे डॉट अति-पातळ द्रावातही टिकवून दाखवले होते, आणि तो निबंध तिच्या लॅपटॉपवर सहा महिने न वाचता पडून होता. लेसिथिनच्या रेणूला दोन शेपट्या असतात आणि डोक्यावर ऋण आणि धन असे दोन्ही भार. तो दोन हातांनी धरतो. एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, तोवर पहिला पुन्हा बसतो.

आम्ही ओलिइक-ओलिलचं धुणं एकावर आणलं आणि लिगंड बदलून लेसिथिन घातलं. पहिल्या दोन बॅच फसल्या. जादा लेसिथिन काढायला पुन्हा धुवावं लागलं, पण आता ते धुणं डॉटला सोसवलं. तिसऱ्या बॅचची कुपी हजारपट पातळ करून खणात ठेवली आणि सोमवारी बघायचं ठरवलं. शनिवारीच तिने मला मेसेज केला, तोही टॉर्चखाली हिरव्या दिसणाऱ्या कुपीच्या फोटोसकट. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, म्हणून ती शनिवारीच येऊन पाहून गेली होती.

काचेवर

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नायट्रोजनच्या पेटीत, थर्माकोलच्या भिंतीआड आणि कमी केलेल्या लेझरखाली आम्ही लेसिथिनवाले एकटे डॉट मोजले. काही मिनिटांत विझणाऱ्यांच्या जागी तासाभराच्या मोजणीत शेवटपर्यंत तेवत राहिलेले डॉट मिळाले. सगळे नाहीत. काही अजूनही काळे पडतात आणि बरेचसे पूर्ण विझण्याऐवजी एका मधल्या, करड्या पातळीवर जाऊन परत येतात. उजेड आणि काळ समोरासमोर मांडले की ही करडी पातळी भाराचीच निघते, पहिल्या वाटेची. पृष्ठभागाचे सापळे बऱ्याच अंशी बुजले, पण डॉटमध्ये भार शिरणं आम्ही थांबवू शकलेलो नाही.

एकाच वेळी एकच फोटॉन येतोय का, हेही तपासलं. प्रकाश अर्धा-अर्धा करून दोन डिटेक्टरांवर सोडायचा. एकाच क्षणी दोन्ही वाजायला नकोत. बहुतेक डॉटवर एकत्र वाजणं नगण्य होतं. जे दोन-तीन नापास झाले, ते बहुधा दोन डॉटचे पुंजके असावेत. लेसिथिन कमी पडलेल्या कोपऱ्यात डॉट एकमेकांना चिकटतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. सगळ्या धुण्याच्या द्रावांत, साक्यात आणि पुसलेल्या कागदांत शिसं असतं. ते सिंकमध्ये जाऊ नये म्हणून काकांनी वेगळा पिवळा कॅन ठेवला आहे आणि त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात ‘शिसं, पिऊ नये’ असं लिहिलं आहे. का लिहिलं, हे मी विचारलं नाही.

प्रयोगशाळेत आता तीन गोष्टी बदलल्या आहेत. प्रत्येक बॅचची एक पातळ कुपी खणात राहते, लेझरपासून दूर. काचेवर काही बिघडलं की आधी तिच्यावर टॉर्च मारायचा. चमकते मणी दर आठवड्याला मोजायचे. आणि लॅब बुकात धुण्याच्या रकान्यापुढे एक नवा रकाना आखला आहे, ‘कोणाच्या सांगण्यावरून’. तो मीच आखायला लावला.

सध्या तिच्या डोक्यात फेनेथिल अमोनियम आहे. या रेणूच्या शेपटीला बेंझिनची कडी असते आणि शेजारच्या कड्या एकमेकींवर रचून बसतात, त्यामुळे लिगंडचा थर जवळजवळ स्फटिकासारखा घट्ट होतो. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या गटाने २०२५ साली असे डॉट सलग १२ तास लेझरखाली जवळपास न लुकलुकता चालवून दाखवले. आमची करडी पातळी त्याने जाईल का, हे तिला बघायचं आहे. पहिली बॅच झाली, पण काचेवर पसारा दिसला म्हणून तिने ती दोनदा धुतली. परवा लॅब बुक चाळताना नवा रकाना वाचला: ‘धुणी २. कोणाच्या सांगण्यावरून: माझ्या.’ मी वही मिटून जागच्या जागी ठेवली.